मस्कतात घेतलेली सुपारी

मस्कत,
शुक्रवार, 9 मार्च 2007

प्रिय राहीताय,

हे पत्र मुसाच्या हाती पाठवतोय. टपालानं पाठवलं तर लग्नसराई उलटून जाईल, आणि फोनवर हे बोलता येण्यासारखं नाही, कारण फोन आता तुझ्या आप्पांच्या उशाशी असतो. मागच्या वेळी तू नुसती "हं, बरं, हं" करत होतीस तेव्हाच समजलो की ते जागे आहेत. मुसाला तू ओळखतेस. बंदराकडच्या मोहल्ल्यातला, लहानपणी मासे घेऊन दारावर यायचा आणि वजनावरून तुझ्याशी भांडायचा, तोच. आमच्याच कंपनीत क्रेन चालवतो. सव्वा वर्षानं घरी चाललाय. पोरीला बाहुली, बायकोला सेंट, सगळ्या मोहल्ल्याला दूध पावडर, आणि त्या सगळ्याच्या मध्ये माझं हे पत्र. सातवीतून सुटलेल्या माणसाचं लिखाण आहे, सांभाळून घे.

गेल्या शुक्रवारी तू फोन आप्पांना दिलास, ते काय बोलले ते तू दाराशी उभं राहून ऐकलंच असशील. लकव्यानं तोंड अजून एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे अर्धे शब्द मला लागलेच नाहीत. पण एवढं स्वच्छ ऐकू आलं: हमझा, उजवा हात गेला. बँजो आता होणार नाही. तिथं घेतलेल्या सुपाऱ्या ज्याच्या त्याला परत कर. मी "होय आप्पा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि कॅम्पच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसलो. आपल्या वाघजाई बँजो पार्टीनं घेतलेली सुपारी परत केली असं मी कधी ऐकलं नाही. हळद असो, लग्न असो, गणपती असो, एकदा नारळ आणि सुपारी आप्पांच्या हातात पडली की तारीख पक्की. मग पाऊस येऊ दे, टेम्पो बंद पडू दे, घरात मयत होऊ दे. तुझी आई गेली त्या आठवड्यात पण ते जयगडला जाऊन वाजवून आले होते, सगळा गाव नावं ठेवत होता आणि ते म्हणत होते, सुपारी तिच्याच समोर घेतली होती, तिला माहीत आहे. त्या माणसाच्या तोंडून "परत कर" निघतं तेव्हा आत काय काय तुटलं असेल.

म्हणून लिहायला बसलोय. पण एकदम मुद्द्यावर आलो तर तू पत्र मिटून डब्याखाली सारशील, मी तुला ओळखतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण ते इकडून कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा कसा होतो ते आठव. आमची अम्मी सगळ्यांना सांगायची की या पोराच्या बुडाखाली अल्लानं निखारा ठेवलाय. ट्रॉलरवर गेलो, उलट्या करून परत आलो. हातखंब्याच्या गॅरेजात राहिलो, मालकाशी भांडून परत आलो. आंब्याच्या पेट्या ठोकल्या, त्यात तर आंगठाच ठोकून घेतला. मग एका हळदीत तुमच्या हातगाडीमागून नाचत आलो तो सकाळी तुमच्या पडवीतच झोपलेला सापडलो. आप्पांनी लाथ नाही मारली. खुळखुळा हातात दिला आणि म्हणाले, नाचतोसच आहेस तर काहीतरी हलव तरी. तू शिलाई मशीनवर पार्टीचे लाल कोट शिवत होतीस. माझा खुळखुळा थोडा वेळ ऐकलास, मशीन थांबवलंस आणि म्हणालीस, "अरे हमझा, हलवायला काय, माकड पण हलवतं. तो नेमका कुठं थांबवायचा ते शीक." मला वाजवण्यातलं जे काय कळतं ते एवढंच, आणि ते तू शिकवलंस. चार वर्षं मी एका जागी टिकलो. आमच्या घराण्यात तो चमत्कार समजतात. अम्मी अजून तुझ्या नावानं दुआ मागते, ते तुला माहीत नसेल.

इथं आल्यावर पहिलं वर्ष नुसतं सिमेंट आणि ऊन. तू फोनवर सांगायचीस की यंदा सुपाऱ्या घटल्या, लोक डीजे आणतात, भागोजी ढोल टांगून ठेवून जेट्टीवर कामाला जातोय. मी ऐकायचो आणि मला बसवत नसे. आमच्या कॅम्पात चिपळूणचा अद्नान आहे, टाइमकीपर, बारावी झालेला, कंपनीच्या कॉम्प्युटरवर बोटं चालवणारा. शुक्रवारी आम्ही रुवीला नेट कॅफेत जायचो. तो त्याच्या ठरलेल्या बायकोला चिठ्ठ्या लिहायचा आणि मी शेजारी बसून पंख्याची हवा खायचो. एकदा तो कंटाळून म्हणाला, तुझ्या त्या पार्टीचं रडगाणं मला ऐकवण्यापेक्षा सगळ्या जगाला ऐकव, इथं नेटवर पान फुकट बनवता येतं.

ते पहिलं पान कसं होतं ते आठवून अजून लाज वाटते. अद्नाननं दिल्लीकडच्या कुठल्या तरी मोठ्या बँडचं पान समोर ठेवलं आणि तसंच्या तसं उतरवलं. आम्ही देशात आणि परदेशात कार्यक्रम करतो, आमच्याकडं गायक-गायिका, लाइटिंग, सगळं. खाली फोटो म्हणून विसर्जनाचा फोटो, ज्यात भागोजीचे डोळे मिटलेले आणि मागं म्हैस. आणि फोन नंबर तुझ्या एसटीडी बूथचा. तुला न विचारता. मग पुण्याहून कोणाचा तरी फोन आला की तुमची लेडी सिंगर आहे का, आणि तू म्हणालीस, "आहे, पण आत्ता ती बोंबील तळतेय, तासाभरानं करा." हे तू मला सांगितलंस तेव्हा मी रस्त्यात उभा राहून एवढा हसलो की इथल्या पोलिसानं गाडी थांबवली. दुसरी कोणी असती तर मला शिव्या घालून नंबर काढायला लावला असता. तू एवढंच म्हणालीस, "पान ठेव, पण खरं लिही. आपण काय आहोत ते लिही."

आपण काय आहोत ते लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं गावात कोणाच्या घरी नेट आहे? कोणाच्या नाही. पण गावातली हळद ठरवतो कोण? गावात राहतो तो नाही. पैसा मुंबईच्या चाकरमान्याचा नाहीतर आखातातल्या पोराचा, मग बँजो कुठला आणायचा ते पण तोच ठरवतो, इथं बंकवर पडल्या पडल्या, फोनवरून. घरची माणसं फक्त मांडव घालतात. म्हणजे आपलं गिऱ्हाईक आमच्याच कॅम्पात, माझ्या वरच्या बंकवर झोपलेलं होतं, आणि मी दिल्लीचं पान उतरवत बसलो होतो. मग आम्ही ऑर्कुटवर गेलो. तिथं दापोलीवाल्यांचे, गुहागरवाल्यांचे, आमच्या मोहल्ल्यांचे घोळके आहेत, सगळे घरापासून लांब, सगळे घरच्या आठवणी काढत बसलेले. तिथं लिहिलं, मालगुंडची वाघजाई बँजो पार्टी, हळदीला रात्रभर वाजवतो, दारू पिऊन येत नाही, आप्पा स्वतः असतात. लोकांनी विचारलं, ऐकवा की. ऐकवायला काय होतं माझ्याकडं?

तेव्हा तू ती कॅसेट पाठवलीस. मुसाच्याच हाती, मागच्या रजेत. पडवीत टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली, मागं कोंबड्या, एसटीचा हॉर्न, कोणाचं तरी खोकणं. अद्नाननं ती कॉम्प्युटरवर चढवून घेतली. सुरेख वाजलंय, राहीताय. त्या वर्षी गल्लोगल्ली वाजणारं ते गाणं, पण असं वाजवलेलं मी ऐकलं नव्हतं, सगळ्या जागा मोकळ्या सोडून, घाई नाही. आणि मध्येच कुकरची शिट्टी, मग दुसरी, आणि तिसऱ्या शिट्टीला बँजो ओळीच्या मधोमध तुटतो आणि टेप संपते. अद्नान म्हणाला, शिट्ट्या कापून टाकतो. मी म्हटलं, हात लावू नको. आणि बघ, लोकांनी सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल तर त्या शिट्ट्यांबद्दल. कोणी लिहिलं, डाळ शिजली का. कोणी लिहिलं, तीन वर्षं झाली आमच्या घरचा कुकर ऐकला नाही. कुवेतवरून एकानं लिहिलं, आमच्या हळदीला या, कुकर घेऊन या.

मग आलं ते केळशीचं प्रकरण. डोंबिवलीला राहणारा केळशीचा माणूस, बहिणीची हळद गावी. त्यानं ईमेल केला, मी लिहिलं पक्कं, आणि तुला सांगितलं. तू रत्नागिरीला बटणं आणायला गेली होतीस तेव्हा सायबर कॅफेत बसून ते कागदावर छापून आणलंस आणि आप्पांपुढं ठेवलंस. त्याच दिवशी हातखंब्याचा भिकाजी नारळ घेऊन आला, तीच तारीख मागायला, आणि आप्पांनी सरळ हात पुढं केला. तू कागद दाखवलास. ते म्हणाले, "ह्याला काय मी दातानं फोडू? सुपारी कोणी दिली? कोणाच्या हातात दिली? दाखव मला." आता यात चूक कोणाची? मी इथं म्हणत होतो की लिहून दिलं म्हणजे झालं. आप्पा तिथं म्हणत होते की हातात पडलं म्हणजे झालं. तू मध्ये उभी. तू दापोलीपर्यंत फोन फिरवून दुसरी पार्टी धाडलीस, ती पोचली तेव्हा हळद उतरायला आली होती. डोंबिवलीवाल्यानं तुला फोनवर जे ऐकवलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. ऑर्कुटवर मात्र सगळ्यांसमोर लिहिलं, वाघजाई म्हणजे बुडवी पार्टी. मी अद्नानला म्हटलं, पान काढून टाक, माझ्याच्यानं काही होत नाही, मी नेहमीसारखा निघालो. आणि तेवढ्यात तुझा फोन. तू स्वतः केलेला, पहिल्यांदाच. म्हणालीस, "पान काढलंस तर गाठ माझ्याशी आहे. इथून तू लाख पळालास, तिथून तुला पळायला समुद्रच आहे."

पुढचं तू कसं जमवलंस ते मला भागोजीनं सांगितलं. आप्पा चहा पीत होते. तू विचारलंस, मागं शिमग्यात तुम्हाला ताप होता तेव्हा दारात आलेली सुपारी भागोजीनं घेतली, ती खरी की खोटी? ते म्हणाले, खरी, भागोजी आपला माणूस. तू म्हणालीस, आणि हमझा? एवढंच. आणि तू मशीन चालू केलंस. आप्पांनी बशी संपवली, मिशी पुसली आणि म्हणाले, फोन लाव. मी कामावर होतो, लोखंडाच्या सळ्या बांधत होतो, फोरमन ओरडत होता. आप्पा म्हणाले, "ऐक. आधी हात धुवायचे. पायात काही ठेवायचं नाही. दोन्ही हात पुढं करायचे, एक नाही. तुझा हात तो माझा हात. ठेवतो." चार वाक्यं वाटतात ऐकायला. पण मला आजपर्यंत कोणी घराची किल्ली ठेवायला दिली नव्हती. इथं माझे हात म्हणजे कार्डावरचा एक नंबर, आज हा आहे, उद्या दुसरा. आणि तिकडं आप्पांनी पिढीजात धंद्याचा शब्द माझ्या हातात ठेवला, माझी जात-जमात न विचारता, माझं आजवरचं पळणं माहीत असून. त्या दिवशी सळ्या बांधताना मी गात होतो. फोरमनला वाटलं ऊन लागलं.

मग दर शुक्रवारी आमच्या खोलीत काय चालायचं ते तू बघायला हवं होतंस. रुवीत एका गुजराथी माणसाच्या दुकानात पूजेचं सामान मिळतं, तिथून लोक सुपारी घेऊन यायचे. मी सेफ्टी बूट दाराबाहेर काढायचो, नळावर हात धुवायचो, आणि दोन बंकांच्या मधल्या बोळात अनवाणी उभा राहायचो. समोरचा सुपारी कपाळाला लावून माझ्या ओंजळीत ठेवायचा. आमचा मोहल्ल्याचा माणूस असला तर बिस्मिल्ला म्हणून ठेवायचा. हर्णैचा एक खलाशी तर रडलाच, म्हणाला, बहिणीच्या लग्नाचं एवढं एकच काम मला माझ्या हातानं करायला मिळालं. वरच्या बंकवरचा बिहारी खाली डोकावून विचारायचा, आज कोणाचं लग्न ठरवताय रे? मी लगेच आप्पांना फोन लावायचो. "पडली." ते विचारायचे, "पडली ना? मग झालं." आणि तारीख तुला सांगायचे. केळशीचाच एक जण, त्या डोंबिवलीवाल्याचा चुलतभाऊ, तो पण आला. मी म्हटलं, आम्ही बुडवे ना? तो म्हणाला, तेव्हा तुम्हाला हात नव्हता, आता आहे. सुपाऱ्या मी दुधाच्या रिकाम्या डब्यात ठेवत गेलो, प्रत्येकीला नाव लिहिलेला कागद गुंडाळून. गेल्या लग्नसराईत पार्टीला बसायला दिवस मिळाला नाही. भागोजीनं जेट्टी सोडली. हे सगळं लोकांना वाटतं हमझानं केलं, नेटनं केलं. मला माहीत आहे कोणी केलं.

आता जे लिहितोय ते मी वर्षभर कोणाजवळ बोललो नाही. अद्नानजवळ पण नाही. ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हाच मला समजलं होतं. आप्पांनी जन्मात उठून गॅस बंद केलेला नाही. घराला आग लागली असती तरी त्यांनी कडवं पुरं केलं असतं आणि मग विचारलं असतं, वास कसला येतोय. तिसऱ्या शिट्टीला बँजो खाली ठेवून उठतो तो माणूस वेगळा. त्या पावसाळ्यापासून आप्पांची बोटं थरथरायला लागली होती, हे पण तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मागचं खोकणं त्यांचं होतं, आणि खोकता खोकता कोणाला असं वाजवता येत नाही. म्हणजे ते बाजूला बसून ऐकत होते. तू आप्पांचं मन राखायला गप्प राहिलीस आणि मी तुझं. प्रत्येक वेळी बँजो जुळवायचा तुझ्याकडं, तारा बदलायच्या तुझ्याकडं, नवीन गाणं रेडिओवरून पहिल्यांदा उतरवायचं तुझ्याकडं. आणि मिरवणूक निघाली की तू दारात उभी. सगळ्यांचे लाल कोट तू शिवलेस, स्वतःला एक शिवला नाहीस.

आप्पांना यातलं काही कळत नाही असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. आजारी पडायच्या आधी एकदा त्यांनी मला विचारलं होतं, त्या पानावर जे वाजतं ते लोकांना आवडतं का रे? मी म्हटलं, लई आवडतं. ते म्हणाले, "मग तेच ठेव. माझं दुसरं काही त्यावर घालू नको." मी त्या वेळी होय म्हणून सोडून दिलं. त्या शुक्रवारी टाकीपाशी बसलो तेव्हा ते बोलणं मला नीट ऐकू आलं.

आता का लिहिलं ते सांगतो. आप्पांचा शब्द मी मोडला नाही. डबा घेऊन घला, रुवी, सीब, जिथं जिथं आपलं गिऱ्हाईक आहे तिथं गेलो, आणि ज्याची सुपारी त्याच्या हातात परत ठेवली. मग सांगितलं की आप्पांचा हात गेला, आणि पानावर जे ऐकून तुम्ही सुपारी दिलीत ते आप्पांनी वाजवलेलं नाही, त्यांच्या मुलीनं वाजवलंय. पार्टी निघाली तर तीच पुढं असेल. तिला मी अजून विचारलेलं नाही. तुमचं काय म्हणणं? गुहागरचा एक म्हणाला, बाई माणूस बँजो घेऊन पुढं, लोक नवरी सोडून तिलाच बघतील, आणि त्यानं सुपारी खिशात घातली. हर्णैचा खलाशी म्हणाला, मी आप्पांना कुठं बघितलंय, मी तर कुकरवाल्या बँजोला सुपारी दिली. केळशीवाला सरळ बूट काढून उभा राहिला. अजून दोघांनी परत घेतल्या. बाकीच्यांनी पुन्हा माझ्या ओंजळीत ठेवल्या. भागोजीला पण मी फोन केला, तो रागवेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ढोलवाला कधी पुढं असतो काय, मी आजवर मागंच उभा होतो, मागंच उभा राहीन, तेवढं तिला सांग की माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, उजवीकडून इशारा दे. पण सुपारी माझ्या हातात पडून आता भागणार नाही, कारण माझा हात आप्पांच्या नावाचा होता. तुझ्या नावाचा हात तुझाच. म्हणून सगळ्या सुपाऱ्या मुसाजवळ दिल्यात, नावांसकट. त्याला बजावून सांगितलंय की घरी जाऊन आंघोळ करायची, अनवाणी दारात यायचं, आणि राहीच्या हाताशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायच्या नाहीत, आप्पांच्या पण नाही. तुला नको असतील तर तसं सांग, तो काही न विचारता माघारी घेऊन येईल आणि मी पुन्हा दारोदार जाईन, त्यात मला कमीपणा नाही. तू माझ्यासाठी जे केलंस त्याच्यापुढं ते काहीच नाही. हे वाचून होईपर्यंत तो अंगणात थांबेल. आप्पा खाटेवरून दार बघू शकतात ना? मग हात पुढं करायचे की नाही ते ठरव, आणि करायचे झाले तर दोन्ही कर.

तुझाच, आणि तुझ्या घरचाच,
हमझा